खोडीचा रकाना

८ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे आणि गुडघाही ठीक आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटच्या ओळीपर्यंत काळजी करत वाचशील. फोन न करता पत्र लिहितेय म्हणून रागावू नकोस. फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्याचं उत्तर आधीच देऊन टाकतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तुझ्या घराची किल्ली मिळाली. कापसात गुंडाळून पाठवलीस! लोखंडाची आहे गं ती, तिला काय लागणार होतं? पडद्यांच्या कापडाचे तीन तुकडेही मिळाले. तिन्ही छान आहेत. कुठला ते कळवते.

आता बातमी. उभी असशील तर बस. मी कॉलेजात जाते. हसून घे.

झालं असं, की आमच्या बस डेपोला नव्या साहेब आल्यात. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, वयाने माझ्यापेक्षा चांगल्या लहान आहेत तरी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमची हरवले-सापडलेची खिडकी आम्ही तिकिटांच्या खिडकीत मिसळतोय. सगळं संगणकावर जाणार."

मी म्हटलं, "मग मी संगणकावर करते की."

"नुसतं टाइप करणं नाही हो. डेटाबेस लागतो."

"तो कुठे मिळतो?"

त्या हसल्या, पण चांगलं हसल्या. टेबलावरचा कॉलेजचा कागद माझ्याकडे सरकवला. स्प्रेडशीट आणि डेटाबेसचा प्रगत अभ्यासक्रम, संध्याकाळचे वर्ग. म्हणाल्या, "सत्र संपेल तेव्हा हा चांगल्या गुणांनी पास व्हा, खिडकी तुमची. नाहीतर सन्मानाने लवकर निवृत्ती घ्या. मी स्वतः निरोप समारंभाला येईन."

तू म्हणशील, मग घे की निवृत्ती, माझ्याकडे तुझी खोली तयारच आहे. हो, ते आहेच.

पण वर्ग बघण्यासारखा आहे ताई. खुर्च्यांना चाकं आहेत. पहिल्या दिवशी मी बसायला गेले तर खुर्ची मागे निघून गेली आणि मी टेबलाला लटकले. शेजारी औषधांच्या दुकानाचे मालक बसतात, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "बाई, प्रवेश मिळाला, आता जागाही मिळवा." त्यांचं दुकान मुलगी चालवते आणि हिशेब विचारला की म्हणते, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." म्हणून ते आले आहेत. आम्ही दोघं वर्गातले सगळ्यांत म्हातारे. एकमेकांचं चुकलं की दोघांनाही फार बरं वाटतं.

शिकवणाऱ्यांचं नाव आम्ही एंटर सर ठेवलंय. कुणी घाईने बटण दाबलं की ते मागून म्हणतात, "आधी विचार, मग एंटर." मला वाटलं, हे वाक्य आपल्या घराण्यात आधीच्या पिढीत आलं असतं तर किती भांडणं वाचली असती.

पहिले काही दिवस पालथ्या घड्यावर पाणी. सर म्हणाले, "या चौकटीत सूत्र लिहा," आणि मी त्या चौकटीत 'सूत्र' असं लिहिलं. पण काल पहिल्यांदा माझं मीच सूत्र लिहिलं आणि सगळ्या छत्र्यांची बेरीज आपोआप खाली उमटली. मी मोठ्याने "आली!" म्हणाले. अख्खा वर्ग वळून बघायला लागला.

तू खोलीला रंग कुठला देते आहेस? नाही, सहज विचारलं.

तुझी,
कॉलेजकुमारी

२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. "या वयात डोळे फोडून घ्यायचं काय अडलंय?" हे तू तीनदा लिहिलं आहेस. तिन्ही वेळा शाईचा रंग वेगळा आहे, म्हणजे पत्र पुन्हा पुन्हा उघडून लिहिलंस. खोलीला रंग देऊन झाला, पलंग खिडकीजवळ लावला, आणि शेजारणीलाही सांगून टाकलंस की माझी बहीण आता कायमची येणार. वाचलं सगळं.

आधी माझी फजिती ऐक.

आमच्या सापडलेल्या वस्तूंची यादी मी डेपोच्या संगणकावर चढवली. एका रकान्यात वस्तू, शेजारी तारीख, शेजारी बस, शेजारी कुठल्या कप्प्यात ठेवली ते. कित्येक संध्याकाळी घातल्या त्यात. मग मला हुक्की आली, की वस्तू अक्षरांच्या क्रमाने लावाव्यात. वस्तूंचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. संगणकाने बिचाऱ्याने विचारलं होतं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मला वाटलं, कशाला त्यांना उगाच त्रास? नको म्हटलं. जतन केलं, बंद केलं आणि खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांची कवळी बसमध्ये राहिली होती. तोंडावर रुमाल धरून बोलत होते. मी ऐटीत शोधलं, संगणकाने कप्पा सांगितला, मी मागे गेले, तर त्या कप्प्यात प्रेशर कुकर. पुढच्या बाईंना छत्री हवी होती, तिच्या कप्प्यात क्रिकेटची बॅट. वस्तू सगळ्या हलल्या होत्या आणि कप्पे जागच्या जागी होते. म्हणजे माझ्या यादीत कुणाचं काहीच कुणाचं राहिलं नव्हतं. आणि हे सगळं चालू असताना मोठ्या बाई मागे उभ्या!

गुरुजी भले. रुमालाआडून म्हणाले, "असू द्या. कुकर असेल तर मऊ शिजवून खाईन." मोठ्या बाई हसल्या नाहीत. "हा कोर्स तुम्हाला झेपतोय ना?" एवढंच विचारून गेल्या.

ताई, मी आत जाऊन रडले. नळ सोडून रडले, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. घरी आले आणि तू पाठवलेली किल्ली हातात घेऊन बसले. माळ्यावरची मोठी बॅगसुद्धा खाली काढली. उघडली, बघितली, आणि पुन्हा वर ठेवून दिली.

वर का ठेवली ते आत्ता नको.

वर्गात सांगितल्यावर औषधवाले म्हणाले, "बरं झालं तुम्ही औषधांच्या धंद्यात नाही. खोकल्याला जुलाबाची गोळी दिली असतीत." सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर रांग काढली आणि म्हणाले, "तुमची चूक एकच. वस्तूला स्वतःची ओळख नव्हती. ती शेजाऱ्याच्या भरवशावर उभी होती." मग त्यांनी शिकवलं, की प्रत्येक वस्तूला आल्या क्षणी एक क्रमांक द्यायचा. तो जन्माचा. वस्तू कुठेही हलो, क्रमांक तिच्याबरोबर जातो, आणि बाकी सगळं त्या क्रमांकाला बांधायचं. याला ते प्रायमरी की म्हणतात. एवढी साधी गोष्ट, पण ती कळली त्या संध्याकाळी मी वर्गातून बसपर्यंत नाचत गेले असते, गुडघा नसता तर.

नशीब, प्रत्येक वस्तूला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधत आले आहे. सुट्टीच्या दिवशी डेपोत जाऊन सगळी यादी पुन्हा उभी केली. या वेळी क्रमांकासकट आणि प्रतीसकट. गुरुजींची कवळी खेळण्यांच्या कप्प्यात निघाली. मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे बसवली आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "आता कुणावर तरी ओरडायला मी मोकळा."

आता परीक्षेचं काम सुरू आहे. प्रत्येकाने आपल्या कामाचा डेटाबेस स्वतः बांधायचा आणि तो परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा. निम्मे गुण त्यालाच. माझा म्हणजे दोन तक्ते. एकात लोकांनी नोंदवलेल्या हरवलेल्या वस्तू, दुसऱ्यात आम्हाला सापडलेल्या. दोघांची गाठ घालून द्यायची. ऐकायला सोपं आहे, आणि इथेच घोडं पेंड खातंय. मी रंगावरून आणि प्रकारावरून शोधते, आणि उत्तर येतं शून्य. रोज शून्य. मांडण्या वस्तूंनी भरल्या आहेत, बाहेर माणसं रांगेत उभी आहेत, आणि दोघांच्या मध्ये माझं शून्य.

पडद्यांची घाई करू नकोस.

तुझी,
शून्य

११ डिसेंबर

लाडक्या ताई,

जिंकले!

हे आधी लिहिलं, आता सावकाश सांगते. तुझी तीन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. रागावली असशील. रागाव, पण हे वाचून झाल्यावर.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात एक नर्स खिडकीशी आली. कामावरून थेट आली होती, पायात अजून पांढरे बूट. काळी पिशवी हरवली म्हणाली. मी टाकलं, काळी पिशवी. शून्य. "नाही हो सापडलेली," म्हटलं. ती वळली, आणि वळता वळता माझ्या खांद्यावरून मागे बघून ओरडली, "अहो, ती काय! माझीच आहे ती!"

मी मागे बघितलं. मी जिला 'गडद निळी' म्हणून नोंदवलं होतं ती पिशवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा माझ्याच मांडणीवर. पण अशी कशी देऊन टाकणार? विचारलं, "तुमचीच कशावरून?"

ती म्हणाली, "चेन अर्ध्यावर अडकते. जरा वर उचलून ओढावी लागते."

मी ओढली, अडकली. तिने उचलून ओढली, उघडली.

ताई, ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ही माणसं माझ्यासमोर हेच तर बोलत आली होती. 'मूठ सैल आहे हो', 'एका बाजूचं बटण वेगळं आहे', 'झाकण नीट लागत नाही'. आणि मी मान डोलावून रंग लिहून घेत होते. रंग प्रत्येकाला वेगळा दिसतो. पण जी वस्तू रोज वापरतो तिची खोड कुणी विसरत नाही.

संध्याकाळी सरांना सांगितलं, की मला दोन्ही तक्त्यांत एक रकाना वाढवायचाय, नाव 'खोड'. सर टेबलावर हात मारून म्हणाले, "वाढवा! पण लोकांना मनाला येईल ते लिहू देऊ नका. एकजण लिहील चेन अडकते, दुसरा लिहील झिप खराब, आणि तुमचं पुन्हा शून्य." त्यांनी मला ठरलेल्या पर्यायांची यादी करायला शिकवलं. एकावर बोट ठेवायचं, बस. मी आणि औषधवाल्यांनी बसून खोडी काढल्या. इतरांच्या खोड्या काढण्यात आमचा हात कोण धरणार? अडकते, सैल आहे, उसवली, जळली, चावा घेतलेली. शेवटचा पर्याय त्यांचा, त्यांच्याकडे कुत्रा आहे. मी हसून ठेवला, आणि मांडणीवरची प्रत्येक वस्तू तपासून खोडी नोंदवताना पहिल्याच आठवड्यात एका चपलेला लागला!

परीक्षेला बाहेरच्या बाई आल्या होत्या. चेहरा कडक इस्त्रीचा. औषधवाल्यांना त्यांनी असे प्रश्न विचारले की त्यांची भंबेरी उडाली, पण आलेख त्यांनी झकास काढले. मग माझी पाळी. मी तोंडपाठ केलेलं सगळं दाखवलं. बाई म्हणाल्या, "या नोंदी तुमच्याच. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारण्यात काय अर्थ? माझीच हरवलेली वस्तू टाका."

मी नवी नोंद उघडली. "काय हरवलंय आपलं?"

"मफलर. मागच्या थंडीत, बसमध्येच. राखाडी."

"खोड?"

"काय?"

"म्हणजे काही बिघाड, डाग, खूण?"

बाई जरा अवघडल्या. "एक कोपरा इस्त्रीने जळलाय."

मी रंग वगळला आणि यादीतून 'जळली' निवडलं. बोट बटणावर नेलं आणि आपोआप थांबले. सगळ्या वर्गाच्या मनात सरांचं तेच वाक्य होतं. मग दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली. एकच. मफलर, आमच्याकडे नोंदलेला रंग फिकट निळा, खालचा कप्पा, खोड जळल्याची.

बोलाफुलाला गाठ, मान्य आहे. पण बोल माझा होता आणि फूल माझ्या मांडणीवर होतं. बाई म्हणाल्या, "एवढ्यावरून तो माझाच ठरत नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे. हे फक्त बोलावतं. ठरवायला खिडकीवर यावं लागेल." मागे औषधवाल्यांनी खोकल्याचं नाटक करून हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या. मी मफलर पुढे ठेवला. त्यांनी रंग बघितलाच नाही, सरळ कोपरा शोधला आणि त्यावरून अंगठा फिरवला. "माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा इस्त्री केली होती," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्यांदा केली नाही." आणि तो कडक चेहरा असा मोकळा हसला की रांगेतली माणसंही हसायला लागली. मोठ्या बाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. मागे उभं राहण्याची त्यांना सवयच आहे, पण या वेळी मला बरं वाटलं.

निकाल काल लागला. विशेष प्रावीण्य! आलेखात गुण गेले, तिथे औषधवाले पुढे. बाकी सगळीकडे मी. माझं काम सर पुढच्या तुकडीला दाखवणार आहेत. औषधवाल्यांच्या मुलीने त्यांना हिशेबाला बसवलंय आणि ते दुकानात सगळ्यांना सांगतात, "आधी विचार, मग गोळी."

आणि आज मोठ्या बाईंनी बोलावलं. "खिडकी मिसळायची नाही," म्हणाल्या. "उलट बाकीच्या डेपोंच्या वस्तूही तुमच्या डेटाबेसात घ्यायच्या. एका बसमध्ये हरवलेलं दुसऱ्या डेपोत पडून असतं. घ्याल का हे काम? नोकरीची वर्षंही वाढवून मिळतील."

मी लगेच हो म्हटलं. विचार केलाच नाही, थेट एंटर.

आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले, तेव्हा तू आठवलीस.

ताई, आता ते सांगते. तू वर्षभरापूर्वी म्हणालीस, नोकरी पुरे झाली, माझ्याकडे राहायला ये. मी म्हटलं, बघू. तू तो होकार धरलास, आणि मी धरू दिला. रंग झाला, पलंग लागला, शेजारणीला कळलं, आणि मी दर पत्रात पडद्यांच्या आड लपले. मला भीती होती, की आज नाही म्हणावं आणि उद्या नापास व्हावं, मग कुठल्या तोंडाने किल्ली लावणार? बॅग परत माळ्यावर ठेवली त्या दिवशीच मला कळलं होतं, की मला यायचं नाहीये. पास होईन की नाही हे माहीत नसतानाही यायचं नव्हतं.

तुझं घर वाईट म्हणून नाही. तुझ्या घरी मी पुन्हा धाकटी होते. तू ताटात वाढतेस, मी खाते. तू झोप म्हणतेस, मी झोपते. त्यात सुख आहे, मी नाही म्हणत नाही. पण इथे सकाळी कुलूप उघडून मी खिडकी वर करते, तेव्हा बाहेर कुणीतरी आशेने उभं असतं, आणि ते माझ्याकडे बघतं. मला हे अजून हवंय. खूप हवंय.

म्हणून स्पष्ट लिहिते, मध्ये बोलू नकोस. मी राहायला येणार नाही.

तू रडशील, मग मला फोन करशील, मग उचलला की रागाने काहीच बोलणार नाहीस. तुझी खोड मला पाठ आहे. मी फोन धरून बसेन. जेवढा वेळ न बोलता बसायचं तेवढा वेळ बस.

आणि त्या खोलीत तुझं शिवणयंत्र ने. आयुष्यभर तू बोळात पाय आखडून शिवत आलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत. खिडकीजवळचा उजेड तुला हवा, मला नको. पलंग भिंतीकडे सरकव, पण काढू नकोस. पडद्याला पिवळा तुकडा घे, तुझ्या मनात पहिल्यापासून तोच होता. तिन्ही तुकड्यांत तोच तू सर्वांत मोठा कापला होतास.

राहिली किल्ली. रीतीप्रमाणे ती परत पाठवायला हवी. मी सापडलेल्या वस्तू परत करणारी बाई, हे मला कुणी शिकवायला नको. तरी पाठवत नाहीये. डेपोच्या किल्लीशेजारी, त्याच कडीत अडकवली आहे. थंडीच्या सुट्टीत चार दिवस येईन तेव्हा दार वाजवून उभी राहणार नाही. माझं मी उघडून आत येईन, तुझ्या हातचं पोटभर जेवेन, भांडेन, आणि माझ्या घरी परत जाईन.

तुझीच, आणि आता माझीही,
धाकटी